सोबतीचा पल्ला: धावणाऱ्या मित्राच्या आजारपणात आणि शोकात कसं उभं राहावं

धावण्याच्या गटातल्या एखाद्याला कॅन्सर निघाला, किंवा कोणाच्या घरचं माणूस गेलं, की पहिल्या दोन दिवसांत मेसेजांचा पाऊस पडतो. जोडलेले हात, बायबलमधली वचनं, 'काही लागलं तर सांग'. दीड महिन्यानंतर दुसरी-तिसरी केमो झालेली असते. केस गेलेले असतात, तोंड आलेलं असतं, रजा संपत आलेली असते आणि फोन मात्र वाजत नाही. हा लेख मुख्यतः त्या दीड महिन्यानंतरच्या काळासाठी आहे.

मी वसईत राहते. आमच्याकडे सकाळी धावून रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारे बरेच आहेत. मिस्सेची वेळ गाठता आली नाही तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून रविवारी लांब पल्ल्याला निघणारेही आहेत. अशा गटांकडे एक गोष्ट आधीच असते: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मन असो वा नसो, ठरलेल्या जागी हजर राहण्याची सवय. आजारी आणि शोकात असलेल्या माणसाला नेमकी तीच हवी असते. आपली श्रद्धा त्या सवयीला कारण देते, आणि कुठे गप्प बसायचं हेही शिकवते.

पहिला आठवडा

आधी फोन करून विचारा: 'आज येऊ की उद्या?' भेट वीस मिनिटांची ठेवा. धावून थेट जाऊ नका. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा. गुडघ्याला स्प्रे किंवा बाम लावला असेल तर त्या दिवशी जाणं टाळा. आपल्याला त्या वासाची सवय असते, पण केमो चालू असलेल्या माणसाला त्याने उमळून येतं.

बोलायला फार लागत नाही. 'ऐकलं. फार वाईट वाटलं. मी आहे.' एवढं पुरतं. मात्र एक वाक्य धावणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं: 'तू तर इतका फिट, तुला कसं झालं?' त्यात नकळत आरोप असतो, जणू त्याने कुठेतरी चूक केली. नियमित व्यायामाने काही कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. अशा वेळी शेजारणीच्या आतेभावाची कॅन्सरची गोष्टही सांगू नका, ती सुखान्त असली तरी.

बायबलमध्ये दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही. तिथवर त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओढवला तो त्या स्पष्टीकरणांमुळे. भेटीला निघण्यापूर्वी ईयोबाचा दुसरा आणि बेचाळिसावा अध्याय वाचून जा.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य मात्र सोडूनच द्या. त्यामुळे काय लागेल हे शोधून मागण्याचं कामही आजारी माणसावर पडतं. त्याऐवजी नेमकं बोला: 'गुरुवारी संध्याकाळी सातला डबा आणतो, दारात ठेवून जाईन.' 'मुलीला शनिवारी क्लासला मी सोडते.' नको असेल तर तो नाही म्हणेल, आणि तेवढं सोपं उत्तर त्याला देता येतं.

मदतीचा तक्ता

गटातून एकजण, फार तर दोघं, घरच्यांशी बोलणार. बाकीच्यांनी त्यांनाच विचारायचं. मदतीसाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात आजारी मित्राला घेऊ नका. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर फिरणार नाहीत हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. निदान काय, कितवी स्टेज, हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. प्रार्थनेच्या विनंतीतही नाव घालण्याआधी परवानगी घ्या. अनेकदा बातमी चर्चमधूनच फुटते.

पुढचा भाग धावणाऱ्यांना चटकन कळेल, कारण तो ट्रेनिंगच्या तक्त्यासारखाच आहे. केमोची अनेक औषधं २१ दिवसांच्या चक्राने दिली जातात. त्यातले पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि गळाठ्याचे. साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, म्हणजे संसर्गाचा धोका जास्त. तिसऱ्या आठवड्यात माणूस बराचसा माणसात येतो. औषधानुसार हे दिवस बदलतात, म्हणून घरच्यांकडून विचारून घ्या आणि तक्ता त्यावर बसवा:

पहिला आठवडा डब्याचा. पेज, मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं. फोडणीचा आणि सुक्या मासळीचा वास टाळा. डबा परत करावा लागू नये असा द्या, म्हणजे धुऊन पोचवण्याचं ओझं राहणार नाही. काही औषधांनंतर, उदाहरणार्थ ऑक्सॅलिप्लॅटिन, थंड पाणी किंवा थंड भांडं हाताला आणि घशाला टोचतं. तिथे सरबत नेऊ नका.

दुसरा आठवडा फोनचा. ज्याला सर्दी, खोकला, घसा, जुलाब यांपैकी काहीही आहे त्याने घराची पायरी चढू नये. बाहेरून कापून आणलेली फळं आणि कच्ची कोशिंबीर नको. आणि हे गटातल्या प्रत्येकाला पाठ हवं: केमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. त्याच क्षणी हॉस्पिटलला फोन करायचा आणि निघायचं. रात्री अडीचला गाडी कोण काढणार हे तक्त्यात आधीच लिहिलेलं असू द्या.

तिसरा आठवडा भेटीचा आणि चालण्याचा. त्याबद्दल पुढे.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट (बायबलमधलं १ राजे, अध्याय १९) डबे करणाऱ्यांनी जरूर वाचावी. तो झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, लांबचा प्रवास करून झाल्यावर आलं.

हॉस्पिटलच्या फेऱ्या

वसई-विरारच्या बऱ्याच जणांना परळच्या टाटा मेमोरियलला जावं लागतं. वसई रोडहून सकाळची गाडी म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. उपनगरी गाडीतल्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णाला प्रवास करता येतो; कागदपत्रं सोबत ठेवा. जाताना एकजण आणि येताना दुसरा अशी विभागणी केली तर कोणाचीच पूर्ण रजा जात नाही. सोबत्याच्या पिशवीत फाइल, चार्जर, पाणी, बिस्किटं, उलटीसाठी पिशव्या आणि एक शाल ठेवा, कारण एसी वॉर्डात थंडी वाजते. डॉक्टर बोलत असताना सोबत्याने लिहून घ्यावं. घाबरलेल्या माणसाच्या कानात निम्मंच शिरतं.

खर्चाचं बघताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी लवकर करा. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. मोठ्या हॉस्पिटलांतला समाजसेवा विभागही मदत करतो. गटातल्या बँकेत किंवा विमा कंपनीत काम करणाऱ्याने हे काम अंगावर घ्यावं. दहा डब्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

रक्त आणि प्लेटलेट

धावणारा गट म्हणजे तयार दात्यांची यादी, आणि ही ताकद फार कमी गट वापरतात. ज्याची इच्छा आहे त्याचा रक्तगट, वजन आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहून ठेवा. वय १८ ते ६५, हिमोग्लोबिन किमान १२.५. पूर्ण रक्त पुरुषाला ९० दिवसांनी, स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा देता येतं. यंत्राने फक्त प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, काढून घेतात तेव्हा वजन ५० किलोच्या वर लागतं आणि दोन वेळांत किमान ४८ तासांचं अंतर पुरतं. प्लेटलेट देण्याआधी तीन दिवस ॲस्पिरिन चालत नाही. इतर कोणतीही वेदनाशामक गोळी घेतली असेल तर रक्तपेढीत स्पष्ट सांगा.

लांब पल्ल्यानंतर त्याच दिवशी रक्त द्यायला जाऊ नका. रक्त दिल्यावर एक-दोन दिवस जोराचं धावणं बंद, पाणी भरपूर. पूर्ण रक्त दिल्यानंतर काही आठवडे वेग कमी पडतो, म्हणून शर्यत जवळ असेल तर प्लेटलेटच्या यादीत राहा. पण मित्राला गरज असताना कोणाची हाफ मॅरेथॉन आड आली, असं मात्र होऊ देऊ नका.

चालणं, मग धावणं

पूर्वी केमो म्हणजे अंथरूण असं समीकरण होतं. आता व्यायामशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं मत वेगळं आहे: २०१९ मध्ये त्यांनी एकत्र येऊन केलेल्या शिफारशींनुसार आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास मध्यम चालण्यासारख्या व्यायामाने उपचारांतला थकवा आणि चिंता कमी होते. पण सुरुवात डॉक्टरांना विचारूनच. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो, हाडांत आजार असेल तर फ्रॅक्चरची भीती असते, प्लेटलेट फार खाली असतील तर पडणंसुद्धा धोक्याचं.

परवानगी मिळाल्यावर रस्ता असा निवडा की तो मित्राच्या घराभोवती लहान फेऱ्यांत फिरेल. दर पाच-सात मिनिटांनी घर आलं पाहिजे, म्हणजे त्याला केव्हाही 'पुरे' म्हणता येतं आणि कोणाचं काही बिघडत नाही. भुईगाव किंवा राजोडीचा किनारा मोह घालतो, पण केमोने पायांची बोटं बधिर झालेली असतील तर वाळूत तोल जातो. सपाट डांबरी रस्ता बरा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं खूप झाली. पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं तर वेग बरोबर आहे. ताप, चक्कर, छातीत दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, कुठूनही रक्त येणं: यांपैकी काहीही असेल त्या दिवशी चालणं नाही.

घड्याळ घरी ठेवा, दोघांनीही. जो माणूस कालपर्यंत दहा किलोमीटर पन्नास मिनिटांत जात होता, त्याला आजच्या चालण्याचा आकडा दाखवणं क्रूर आहे.

शेजारी चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, आणि म्हणून घरात न निघालेलं बोलणं रस्त्यावर निघतं. 'मला मरायची भीती वाटते' हे वाक्य तुम्हाला अशाच एखाद्या फेरीत ऐकायला मिळेल. तेव्हा 'असं बोलू नकोस' म्हणू नका. 'कशाची जास्त वाटते?' असं विचारा आणि चालत राहा.

प्रार्थना कधी, कशी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे मित्र एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि त्याला खाली सोडतात. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं तिथे लिहिलं आहे. खाटेवरच्या माणसाच्या तोंडी त्या प्रसंगात एक शब्दही नाही. आजारी मित्राला प्रार्थना करता येत नसेल, राग असेल, देवाचं नाव नको असेल, तर त्याच्यावर दबाव आणू नका. त्याच्या वाटची प्रार्थना आपण करायची.

आधी विचारा: 'आत्ता प्रार्थना करू का, की घरी जाऊन करू?' 'घरी' असं उत्तर आलं तर आनंदाने घरी करा. मोठ्याने केलीत तर लहान ठेवा आणि त्यात भाषण लपवू नका. बायबलमधलं स्तोत्र ८८ फार कमी वाचलं जातं, आणि ते अंधारातच संपतं. ज्याला आशेचे शब्द सहन होत नाहीत त्याच्यासाठी ते आहे. स्तोत्र २३ बहुतेकांना पाठ असतं, त्यामुळे क्षीण झालेल्या माणसालाही सोबत म्हणता येतं.

'देव सोसेल एवढंच देतो' हे वाक्य कृपया थांबवा. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या (१०:१३) ज्या वचनाचा आधार त्याला दिला जातो, ते पापाच्या मोहाबद्दल आहे, आजाराबद्दल नाही. त्याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल सांगतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. प्रेषिताला जे उघड सांगता आलं ते आपल्या मित्रालाही सांगता आलं पाहिजे.

कॅथलिक घरांत फादरांना बोलावायला घाबरतात: फादर तेल घेऊन आले म्हणजे सगळं संपलं, अशी जुनी समजूत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून (१९६२–६५) चर्चने स्पष्ट केलं आहे की तेल लावण्याचा हा संस्कार गंभीर आजारी असलेल्यांसाठी आहे, फक्त मरणाऱ्यांसाठी नव्हे. मोठ्या ऑपरेशनच्या आधी तो घेता येतो आणि आजार वाढला तर पुन्हाही. प्रॉटेस्टंट मंडळींत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे पाळक आणि मंडळीतले वडीलधारे येऊन प्रार्थना करतात. घरच्यांना संकोच वाटत असेल तर हा निरोप पोचवण्याचं काम गटाने करावं.

गटातला मित्र हिंदू किंवा मुसलमान असेल, किंवा कोणताच धर्म मानत नसेल, तर तुमची प्रार्थना तुमच्यापाशी आणि डबा त्याच्या दारात. आजारपण ही धर्मप्रचाराची संधी नव्हे. त्याने विचारलं तरच बोला.

पैशासाठी धावायचं असेल तर

टाटा मुंबई मॅरेथॉनसारख्या शर्यतींतून जमणारा निधी नोंदणीकृत संस्थांना जातो, एका रुग्णाला नाही. मित्रासाठी जमवायचं असेल तर स्वतंत्र जमवा, आणि आधी त्याची संमती घ्या. फोटो लावायचा की नाही तेही त्यानेच ठरवायचं. शक्यतो रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा. हिशेब दोघांनी बघावा आणि पावत्या घरच्यांना द्याव्यात. अमुक किलोमीटर अमुकच्या नावे, असा गाजावाजा आजारी माणसाला कधी उभारी देतो, कधी जिवंतपणीच श्रद्धांजली वाटते. विचारून घ्या.

उपचार थांबतात तेव्हा

डॉक्टरांनी आता वेदना कमी करण्यावर भर देऊ असं सांगितलं, की बरेच मित्र पांगतात, कारण काय बोलावं सुचत नाही. गटाने तक्ता तसाच चालू ठेवावा. वेदनाशमनाची शास्त्रशुद्ध सोय असते हे घरच्यांना ठाऊक नसतं. बांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची सेवा करत आहे. कोणाला भेटायचं आहे, कोणाशी अबोला मिटवायचा आहे, कोणती गाणी हवीत, हे मित्राला विचारता आलं तर विचारा.

इथे मला एरिक लिडेलची आठवण होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी शर्यत होती म्हणून शंभर मीटर सोडून देणारा आणि चारशे मीटर ४७.६ सेकंदांत जिंकणारा धावपटू, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. तो पुढे चीनमध्ये मिशनरी झाला, १९४३ मध्ये वेइह्सियनच्या जपानी छावणीत बंदी झाला. तिथे त्याने मुलांना शिकवलं, त्यांचे खेळ घेतले, म्हाताऱ्यांची जड कामं केली. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने तो तिथेच वारला, त्रेचाळिसाव्या वर्षी. मला त्याच्या पदकापेक्षा छावणीतली ती दोन वर्षं मोठी वाटतात.

माणूस गेल्यावर

पहिल्या दिवशी कामं पुष्कळ असतात: मृत्यूचा दाखला, फादर किंवा पाळकांना निरोप, कबरस्थानातली जागा, परगावच्या नातेवाइकांना स्टेशनवरून आणणं, खुर्च्या, पाणी, चहा. गटाने यातली दोन-तीन घरच्यांना विचारून पूर्ण उचलावीत. गटाची जर्सी घालून दफनाला जायचं की नाही, हेही घरच्यांना विचारून.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू मेलेल्या लाजराला उठवणार आहे, तरी कबरीकडे जाताना रडतो. म्हणून 'रडू नकोस, तो देवाघरी सुखात आहे' असं विधवेला सांगण्याची घाई कोणी करू नये. त्याच अध्यायात लाजराची बहीण मार्था येशूला तोंडावर म्हणते की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला दटावत नाही. शोकातला माणूस देवावर, डॉक्टरांवर, कधी तुमच्यावरही रागावेल. ऐकून घ्या.

सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा, २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या: चर्चने वर्षभराच्या तारखा आपल्याला आखून दिल्या आहेत. त्या फोनमध्ये टाका. त्यात आणखी चार घाला: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ, आणि दोघं मिळून धावत असत त्या शर्यतीचा दिवस. त्या दिवशी सकाळी एक फोन, आणि फोनवर गेलेल्याचं नाव घ्या. लोक नाव टाळतात. घरच्यांना तेच ऐकायचं असतं.

शोकात असलेला मित्र पुन्हा धावायला आला तर त्याला हळू ठेवा. झोप उडालेली असते, जेवण कमी झालेलं असतं, नाडी नेहमीपेक्षा वर असते, म्हणून ओळखीचा वेगही जड जातो. सुरुवातीचे काही महिने वेगाचे सराव आणि शर्यतीचं लक्ष्य नको. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो हे अभ्यासांत दिसलं आहे. छातीत दुखलं तर 'मनाचं आहे' म्हणून सोडू नका. उलट कोणी रोज पहाटे आणि रात्री, उपाशीपोटी, दुखऱ्या पायाने धावत सुटला असेल, तर तो घरी जायचं टाळतो आहे हे ओळखा आणि त्याला नाश्त्याला घरी घेऊन या.

महिने उलटूनही झोप, जेवण, काम काहीच सावरत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलू लागला, तर एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन लावताना शेजारी बसा. समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही, हे फादरांनी किंवा पाळकांनी सांगितलं तर अधिक पटतं. त्यांना तशी विनंती करा.

तक्त्यातल्या माणसांनाही सुट्टी लागते. सलग महिनाभर एकाच माणसाकडे हॉस्पिटलची पाळी देऊ नका. ज्याच्या स्वतःच्या घरी नुकतंच कोणी गेलं आहे त्याला कॅन्सरच्या वॉर्डात पाठवू नका. तो दूध आणि किराणा पोचवेल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धावून झाल्यावर दहा मिनिटं थांबून तक्ता नव्याने भरा, आणि त्यात वर्षाच्या मिस्सेनंतरचेही तीन महिने मोकळ्या रकान्यांसह ठेवा, कारण पहिलं वर्ष सरल्यावर लोक विचारायचे थांबतात आणि दुसऱ्या वर्षाचे पहिले आठवडे अनेकांना अधिक कठीण जातात.